प्रमिला, मी कॉलेजला फोन केला

प्रमिला, घरातली माणसं आता कमी झाली. लोकांचे डबे घासून परत गेले. आपल्या चर्चच्या मंडळीतले म्हणाले, अण्णा, बाईंवर चार ओळी लिहा, अंकात छापू. मी म्हटलं, बाईंवर लिहायचं काम बाईंचंच होतं, शुद्धलेखनासकट. मी चौथी शिकलेला गवंडी. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, सेवा किती केली, ते सगळं विजयनं मातीच्या वेळेला वाचून दाखवलं. तुझा मुलगा आहे, चांगलं वाचलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

भांडण तरी किती वर्षं एकच. मी म्हणायचो, कॉलेज बंद कर. तू म्हणायचीस, माणूस मिळेल.

काय होतं त्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात? नगरकडच्या माळावर जुन्या मिशनचा बंगला, त्यात चार वर्ग. मागं मी बांधलेलं वसतिगृह, त्याचीही एक भिंत पावसात फुगायची. चर्चचे पाळक व्हायला येणारी पोरं कोण, तर बारावी नापास, नाहीतर बाप पाळक म्हणून ढकललेली. एखादाच मनापासून आलेला. ट्रस्टी लोकांचे दोन गट, जमिनीवरून कोर्टात. तुला प्राचार्य केलं तेही काही कौतुकानं नाही. तेवढ्या पगारात शिकलेला पुरुष मिळेना, म्हणून बाई चालली. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "माहीत आहे मला. तुम्ही मोठ्यानं बोलू नका, थोरात सर ऐकतील." थोरात सर तुझ्या हाताखालचे मास्तर, त्यांना काय, ते पण तसेच अडकलेले. त्यांनाही दुसरीकडं कुणी घेत नव्हतं.

तरी तू का सोडत नव्हतीस ते मला ठाऊक आहे. तुझे वडील गेले तेव्हा त्यांच्या गावात पाळक नव्हता. कुणीतरी उभा राहिला, पवित्र शास्त्र उघडलं आणि लग्नाचा पाठ वाचला. माणूस खड्ड्यात उतरवलेला, आणि हा वाचतोय नवरा-बायकोनं कसं राहावं. कुणाला कळलं नाही, तुला कळलं. तू तेव्हा पोरसवदा होतीस. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला सांगितलंस, आणि सांगताना हसलीस. मग उठून आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. गरिबाला माती देताना तरी नीट वाचणारा माणूस पाहिजे, एवढंच तुझं धर्मशास्त्र. बाकीचं सगळं परीक्षेपुरतं.

मग तुला धाप लागायला लागली. जिना चढताना मधेच थांबायचीस आणि भिंतीचा पोपडा बघत असल्यासारखं करायचीस. विजयनं कागद करून आपल्याला इकडं ऑकलंडजवळ मनुरेवाला आणलं. तू ट्रस्टींना सांगितलंस, मी रजेवर चाललेय. ट्रस्टींनी दुसरा प्राचार्य शोधलाच नाही, कारण शोधायला दोन्ही गटांना एका खोलीत बसावं लागलं असतं. म्हणून न्यूझीलंडमध्ये राहून तू तिथली प्राचार्य राहिलीस. असं जगात दुसरीकडं कुठं चालत असेल असं मला वाटत नाही.

इथून फोन फुकट लागायला लागले तेव्हापासून ती प्रार्थना सुरू झाली. तिकडं सकाळचे सात, इकडं दुपारचा दीड. माळावर रेंज नाही. फक्त चॅपलच्या खिडकीत मिळते. म्हणून थोरात सर फोन तिथं ठेवायचे, पुढ्यात माइक. इकडं तू गॅरेजमध्ये. विजयनं गॅरेजला गालिचा घालून आपली खोली केली होती, तिथं पलंगाच्या कडेला ताठ बसायचीस. साडी बदलून. केस विंचरून. सून रेश्मा म्हणायची, "आई, गाऊनवरच बोला ना, थंडी आहे." तू ऐकायची नाहीस. एकदा नात एमी शाळेला सुट्टी म्हणून घरी होती, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजी, नोबडी कॅन सी यू."

तू पदर सारखा करत म्हणालीस, "ज्यानं बघायचं तो बघतो."

ती म्हणाली, "ओके, स्वीट अ‍ॅज," आणि गेली. तू मला विचारलंस, गोड काय म्हणाली ही? इथली पोरं 'बरं' म्हणायला तसं म्हणतात, पण मी म्हटलं, तू गोड आहेस म्हणाली. तू दिवसभर खुशीत होतीस.

एक वचन वाचायचीस, दोन शब्द बोलायचीस, फार लांबवायची नाहीस. आणि संपलं की गप्प व्हायचीस. मग तिकडून सगळी पोरं मिळून आमेन म्हणायची. ते आमेन ऐकू आलं की फोन ठेवायचीस. कधी आवाज बारीक आला तर म्हणायचीस, "आज दोघं उठली नाहीत वाटतं." आवाजावरून हजेरी घ्यायचीस तू. मी पलीकडं खुर्चीत बसून मेथी निवडायचो. विश्वासाचं मला फार कळत नाही, तुझ्यामागं जात होतो एवढंच. पण त्या दीडच्या वेळेला मी घरातून कधी बाहेर पडलो नाही.

हॅमिल्टनला त्या गोऱ्या लोकांच्या चर्चमध्ये तुला बोलायला बोलावलं होतं, आठवतंय? त्यांच्या पास्टरनं ओळख करून दिली, या एका गरीब देशात धर्मशास्त्राचं कॉलेज चालवतात. तू उठलीस आणि पहिलंच वाक्य इंग्रजीत काय बोललीस ते विजयनं मला नंतर सांगितलं. देश गरीब नाही, आमचं कॉलेज गरीब आहे. लोक हसले. मग त्यांनी प्रेमानं काय दिलं, तर पुस्तकं. खोकीच्या खोकी. कुणाचे आजोबा पाळक होते त्यांची, कुणाचं कपाट रिकामं करायचं होतं त्यांची. सगळी जाडजूड इंग्रजी. येताना गाडीत माझ्या मांडीवर दोन खोकी, पायात एक.

मी म्हटलं, "आपली पोरं मराठी बातमी वाचताना अडखळतात. हे कोण वाचणार?"

"दिलेलं नाकारू नये."

"मग त्यांना सांगायचं, पाण्याचा पंप द्या."

"अहो, ते वाचणारे लोक आहेत. त्यांना वाटतं, आपल्याला पण तेच पाहिजे असेल. नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना."

"वाटू दे. तिकडची वाळवी आतापर्यंत इंग्रजीत पदवीधर झाली असेल."

विजय गाडी चालवता चालवता हसला. तू हसली नाहीस. घर येईपर्यंत खिडकीबाहेर गाई बघत बसलीस. दुसऱ्या वर्षी पुन्हा खोकी आली, पुन्हा घेतलीस. कुणी प्रेमानं पुढं केलं की तुला नाही म्हणता यायचं नाही, आणि दुसऱ्यालाही तुला नाही म्हणता यायचं नाही. सगळा घोळ तिथंच झाला.

आता मनूचं बोलतो. इम्मानुएल. तो पाळकाचा पोरगा नव्हता. ऊसतोडीवरून आलेल्या बाईचा पोरगा. तूच त्याला शिकवलंस, तूच ओळखीपाळखीनं बंगळूरला मोठ्या शिक्षणाला पाठवलंस. तुझा माणूस तो. माझ्यानंतर मनू, असं तू थोरात सरांच्या तोंडावर म्हणायचीस, थोरातांना काय वाटेल याचा विचार न करता. आणि तो बंगळूरहून परत आला तो सहा महिन्यांत बिझनेसचा कोर्स म्हणून ऑकलंडला गेला. विद्यार्थी म्हणून आला, राहिला, बायको आली, मुलगी झाली. आता वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो.

आपण आलो त्या वर्षी पापाटोएटोएच्या दुकानात भाजीच्या पेट्यांपाशी तो समोर आला. हातात दुधाचे कॅन, पायात जँडल्स, इकडच्या स्लिपरा. "सलाम, बाई." तू हातातली मेथी परत पेटीत ठेवलीस आणि बाहेर निघून गेलीस. मी तुझ्यामागं आलो. "अगं, मेथी तर घ्यायची." तू म्हणालीस, "मला नको त्याच्या दुकानातली." दुकान काय त्याचं होतं? गुजरात्याचं होतं.

मी त्याच्याकडं जात होतो, हे तुला माहीत होतं. चोरून नाही जायचो. सांगूनच जायचो, चाललो तुझ्या मनूकडं चहाला. तू म्हणायचीस, "माझा कोण नाही तो." आणि मी परत आलो की भाजी चिरता चिरता विचारायचीस, मुलगी बोलते का मराठी.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, जाशील का परत. तो म्हणाला, "अण्णा, जाऊन काय करू? पगार ट्रस्टी देणार. आणि ट्रस्टी एकमेकांना कोर्टाच्या तारखेलाच भेटतात." मग म्हणाला, "माझी आई ऊस तोडायची. माझी मुलगी पोहायला शिकतेय. मला एवढंच कळतं." माझ्या मते तो बरोबर होता. तुला मी तसं सांगितलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, फक्त दीड वाजता म्हणायचीस, "अहो, फोन लावा."

जुलै लागला आणि तुला दवाखान्यात नेलं. बाहेर इकडच्या हिवाळ्याचा गारठा, आत उकाडा. तू स्वतःच म्हणालीस, मनूला बोलवा. तो कामावरूनच आला, अंगात ते पिवळं चमकणारं जाकीट. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. तू हातानं जवळ बोलावलंस. म्हणालीस, "मनू, माझं आता होत नाही. मुलं खोळंबलीत. जाशील ना?"

त्यानं मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही. तू हात वर उचललास, तो वाकला, तू त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस. दीक्षा देताना करतात तशी, सगळी, शब्दन् शब्द. धाप लागत होती तरी. नर्स आली होती, ती पडद्यापाशी थांबली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "प्रमिला, तो हो म्हणाला नाही."

"नाही पण म्हणाला नाही."

"तुझ्या खाटेपाशी उभा राहून कुठला विद्यार्थी नाही म्हणेल?"

"अहो, तुम्हाला ऐकू कमी येतं."

मला ऐकू कमी येतं, खरं आहे. पण त्यानं काही म्हटलंच नव्हतं, तर ऐकू काय येणार? मी हे पुढं बोललोही असतो. पण तुझा चेहरा असा झाला होता की तसा मी आपल्या विजयच्या जन्माच्या वेळेला बघितला होता. दुसऱ्या दिवशी दीडला तू खाटेवरूनच फोन लावायला लावलास आणि प्रार्थनेत सगळ्यांना सांगितलंस, नवे प्राचार्य येत आहेत. तिकडून आमेन एवढ्या जोरात आलं की शेजारच्या खाटेवरची सामोअन म्हातारी जागी झाली आणि तीही आमेन म्हणाली. त्याच आठवड्यात तू गेलीस. समाधानानं गेलीस असं सगळे म्हणतात. खरं आहे ते. खोट्या गोष्टीवर गेलीस, पण समाधानानं गेलीस. मी त्याचं काय करू ते मला अजून कळत नाही.

आपल्या मंडळीचे पास्टर तेव्हा भारतात होते. माती कुणी द्यायची हा प्रश्न आला. मनू म्हणाला, मी देतो. काळा कोट कुणाचा तरी मागून आणला होता, खांद्यात घट्ट. थंडी, वारा, पावसाची झड. तो उभा राहिला आणि त्यानं वाचलं. पाठ बरोबर होता, प्रमिला. एक अक्षर चुकला नाही. घाई केली नाही, रडला नाही, वाऱ्याच्या वर आवाज काढला. तू शिकवलं होतंस तसं, वाक्याच्या शेवटी खाली न पडू देता. आपल्या शेजारच्या, मूळच्या पुण्याच्या कुलकर्णीबाई, त्यांना आपल्यातलं काही माहीत नाही, त्या मला म्हणाल्या, "किती छान बोलतात हो, हे काय करतात?" मी म्हटलं, फोर्कलिफ्ट चालवतो.

तुझ्या वडिलांना जे मिळालं नाही ते तुला मिळालं. तुझ्या कॉलेजनं दिलं. हे मी मान्य करतो. यावर मी भांडत नाही.

पण त्याच संध्याकाळी तो घरी आला, हात जोडले आणि म्हणाला, "अण्णा, मी जाणार नाही. बाईंसमोर तोंड उघडलं नाही माझं. थोरात सरांना तुम्ही सांगा. मला धीर होत नाही." रेश्मानं त्याला जेवायला वाढलं. मी त्याच्यावर रागावलो नाही. तो तुझं लेकरू, पण त्यालाही लेकरू आहे.

इकडं हे, आणि तिकडून थोरात सरांचे फोटो यायला लागले. प्राचार्यांच्या बंगलीला चुना दिला. दाराला निळा रंग. पलंग दुरुस्त केला. खाली विचारलेलं, साहेबांच्या मुलीला दूध कोणतं चालतं? दोन पोरं घरी निघाली होती, ती साहेब येणार म्हणून थांबली. आणि एक गोष्ट थोरातांनी सहज लिहिली, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजनं कळवलं होतं की तुमची मुलं आम्ही घेतो, पण या महिन्यात पाठवा, नंतर वर्ष वाया जाईल. थोरातांनी त्यांना उलट कळवलं, गरज नाही, आमचे प्राचार्य येत आहेत.

इतकी वर्षं मी बंद कर, बंद कर म्हणत होतो ते फुकटचं बोलणं होतं. तू होतीस ना ऐकून न घ्यायला. आता खरंच बंद करायची वेळ आली तर माझी जीभ उचलेना. मी नाही बोललो तर त्या पोरांचं वर्ष जातं. बोललो तर तुझं सगळं आयुष्य जातं. विजय म्हणाला, पप्पा, मी सांगू का? मी म्हटलं, नको. तुझ्या आईचं भांडण माझ्याशी होतं.

काल केला फोन. थोरातांना दिवसभर रेंज नसते, म्हणून दीडलाच लावला. गॅरेजमध्येच बसलो, पलंगाच्या तुझ्या बाजूला. वाटलं, तू गेलीस म्हणजे आता ती प्रार्थना थांबली असेल, थोरात एकटे खिडकीत फोन घ्यायला येतील. तिकडून फोन उचलल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बोललो नसतो.

मी म्हटलं, "थोरात, ऐका. इम्मानुएल येत नाही. तो हो म्हणालाच नव्हता, बाईंना तसं वाटलं. दुसरंही कोणी येत नाही. बाई होती म्हणून चाललं होतं, आता ती नाही. कॉलेज संपलं. पोरांना या महिन्यात पुण्याला पाठवा. ज्यांना जायचं नसेल त्यांना घरी पाठवा, हाताचं काम शिकू द्या. कुणाची वाट बघू नका. एवढंच."

आणि गप्प झालो.

मग आमेन आलं.

सगळ्यांचं. एकदम. पोरांचं, थोरातांचं, त्यांच्या बायकोचं. मला कळेना हे काय झालं. मग कळलं. थोरातांनी रोजच्या सवयीनं हिरवं बटण दाबलं होतं आणि फोन माइकपुढं ठेवून ते बाकावर जाऊन बसले होते. पोरं ओळीनं बसलेली. त्यांना वाटलं असेल, बाईंच्या जागी आज अण्णा दोन शब्द बोलतील. मी बोललो. आणि फोनमधला आवाज थांबला की आमेन म्हणायचं, हे तू इतकी वर्षं त्यांच्या अंगात मुरवलं होतंस. त्यांनी काय ऐकलं ते कळायच्या आधी तोंडातून निघून गेलं असेल. मी आयुष्यात कधी चारचौघांत प्रार्थना केली नाही. पहिल्यांदा माझ्या बोलण्याला आमेन मिळालं ते या बोलण्याला.

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. मला वाटलं थोरात येऊन काहीतरी विचारतील, शिव्या देतील, रडतील. कुणी आलं नाही. नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग एक बाक सरकला. मग दुसरा. एकेक पोरगं उठून बाहेर जाताना मला ऐकू येत होतं. मी डोळे मिटले आणि मोजू लागलो, कोण गेलं, कोण राहिलं. तुझ्यासारखं मला आवाजावरून ओळखता येईना.